पंधराशे रुपयांची शिक्षा

मैत्रिणींनो, घरखर्चातून वाचवलेले पैसे तुम्ही कुठं ठेवता, हे मी विचारणार नाही. विचारलं तरी तुम्ही सांगणार नाही! पण आपल्यापैकी निम्म्याजणींचा तरी असा एखादा डबा असतोच. माझा डबा होता शेंगदाण्यांचा. वर दाणे, खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पाचशेच्या नोटा. आमच्या यांना तो डबा ठाऊक नव्हता. धुण्याभांड्याच्या बाईला मात्र ठाऊक होता, कारण सणासुदीला फळीवरचे डबे घासायला तीच काढायची.

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी शाळेत परीक्षेचे दिवस होते. माझी पाळी लवकर संपली म्हणून अकराच्या सुमारास मी घरी आले. सासूबाई देवळात गेलेल्या. मागचं दार उघडं, आणि आमची बाई ओट्याशी उभी. दाण्यांचा डबा उघडा, हातात पाचशेची नोट. थोडा वेळ दोघीही बोललो नाही. मग तिनं नोट ओट्यावर ठेवली आणि पदराला हात पुसले, भांडी घासून झाल्यावर पुसायची तसे.

"याआधी किती वेळा?" मी विचारलं.

"तीन डाव जी मॅडम. गटाचा हप्ता होता. तुमाले मांगाले भेव वाटे."

गटाचा हप्ता म्हणजे काय, ते भंडाऱ्याकडच्या बायकांना सांगायला नको. पाच-दहाजणी मिळून कर्ज उचलतात. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना भरावा लागतो, आणि मग त्या सगळ्या तिच्या दारात येऊन बसतात. हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मात्र माझ्या डोक्यात एकच घुमत होतं: सहा वर्षं जिच्या भरवशावर घर उघडं टाकून शाळेत गेले, तिनं माझ्या डब्यात हात घातला! मी तिला त्याच पावली घालवलं. मार्चचा पगारही दिला नाही. हजार रुपये होता तो.

संध्याकाळी घरात जणू कोर्टच भरलं. यांचं म्हणणं, सरळ पोलिसांत द्यायचं. सासूबाई म्हणाल्या, "घरची लक्ष्मी पोलिसांच्या दारी नेऊ नये, तिच्या देवाला तिला बघून घेऊ दे." शेजारच्या काकूंचं मत, पगार बुडवलास ते बरं केलंस, आणखी एक महिन्याचा बुडवायला हवा होता. समोरच्या वहिनींनी तर अगदी थंडपणे सांगितलं, "काही करू नका. फक्त आळीत सांगा."

आणि मी तेच केलं. रविवारी भिशी होती. बटाटेवडे खाता खाता मी सगळी हकिगत सांगितली. बारा बायका माना डोलवत होत्या. खरं सांगते, सांगताना थोडं बरंही वाटलं. आपण किती विश्वास टाकला आणि आपल्याला कसं फसवलं, हे सांगण्यात एक प्रकारचा गोडवा असतो.

पोलिसांचा विषय काही यांच्या डोक्यातून जाईना. शेवटी एप्रिलमध्ये आम्ही मामाजींकडे गेलो. माझे मामेसासरे भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात चाळीस वर्षं वकिली करून आता घरी असतात. त्यांनी चहा येईपर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई, पुस्तकात काय लिहिलंय ते आधी ऐक. मग कोर्टात काय होतं ते ऐक. दोन्हींत अंतर आहे."

पुस्तकात असं आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. पण चोरी करणारा जर नोकर असेल आणि वस्तू मालकाच्या ताब्यातली असेल, तर सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. इंग्रजांच्या भारतीय दंड संहितेत, म्हणजे १ जानेवारी १८६२ पासून जी लागू झाली तिच्यात, हे ३८१ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिथं ते ३०६ वं झालं. शिक्षा तीच राहिली. कारण उघड आहे. परक्या चोराला कुलूप फोडावं लागतं, नोकराला आपणच किल्ली दिलेली असते. कायदा त्या मोडलेल्या विश्वासाची जादा चार वर्षं लावतो. (मला आपलं वाटतं, ज्या साहेबांनी हे कलम लिहिलं त्यांच्या बंगल्यात खानसामा, भिस्ती, आया असे डझनभर नोकर असत, त्यांना रात्री झोप नीट लागावी हाही हेतू असेलच!)

नव्या संहितेत आणखी एक गोष्ट आली आहे, ती ऐकून मी चमकलेच. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, माणसाला पहिल्यांदाच शिक्षा होत असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला तुरुंग नाही. समाजसेवेची शिक्षा द्यायची, म्हणजे लोकांच्या उपयोगाचं काम बिनपगारी करायचं. मी लगेच म्हटलं, "मग आमच्या बाईलाही हेच लागू होईल." मामाजी हसले. ही सवलत साध्या चोरीच्या ३०३ कलमात आहे. नोकराच्या ३०६ कलमात नाही. म्हणजे बसस्टँडवर माझी पर्स मारणारा अनोळखी माणूस पंधराशे रुपये परत करून झाडू मारायची शिक्षा भोगून सुटेल. पण माझी भांडी घासणारी बाई तेवढ्याच पैशांसाठी सात वर्षांच्या कलमाखाली उभी राहील.

"पण घाबरू नकोस," मामाजी म्हणाले, "आता कोर्टातलं ऐक." वीस हजारांपर्यंतच्या अशा चोरीचा खटला आता संक्षिप्त पद्धतीनं चालवायचा असतो, आणि तशा खटल्यात तीन महिन्यांहून जास्त कैद देता येत नाही. म्हणजे आमच्या पंधराशेला सातावरून थेट तीन महिने! त्याहूनही पुढं, १९५८ चा एक कायदा आहे, अपराधी परिवीक्षा अधिनियम. नाव अवघड आहे, पण आशय सोपा: पहिल्यांदा चूक करणाऱ्याला तुरुंगात घालून पक्का गुन्हेगार बनवू नका. या कायद्याच्या तिसऱ्या कलमात, कोणकोणत्या गुन्ह्यांत न्यायाधीश माणसाला नुसती समज देऊन सोडू शकतात, त्याची यादी आहे. त्या यादीत नोकरानं केलेली चोरी, म्हणजे ते ३८१ कलम, नावानिशी लिहिलेलं आहे. चौथ्या कलमाखाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन सोडता येतं, त्याबरोबर परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते. पाचव्याखाली मालकाची भरपाई द्यायला लावता येते. आणि बारावं कलम सांगतं की असं सोडलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे एरवी जी अपात्रता चिकटते, ती चिकटणार नाही.

हे बारावं कलम मी मामाजींना दोनदा वाचायला लावलं.

शिवाय न्यायालयाच्या परवानगीनं मालक आणि नोकर यांच्यात तडजोडही होऊ शकते. आपल्याकडे अमुक चोरीला अमुक महिने असा ठरीव तक्ता नाही. बरंचसं न्यायाधीशांवर सोपवलेलं असतं. "मी माझ्या अशिलांच्या वतीनं हेच सांगायचो," मामाजी म्हणाले. "वय किती, पहिलीच वेळ का, पैसे परत केले का, घरी लहान लेकरं आहेत का. आणि दुसऱ्या बाजूचा वकील एकच शब्द धरून बसायचा: विश्वासघात."

हा शब्द किती जड आहे, हे त्यांनी एका कंडक्टरच्या उदाहरणानं सांगितलं. उत्तर कर्नाटकातल्या सरकारी बससेवेतला एक कंडक्टर प्रवाशांच्या तिकिटाच्या पैशात अफरातफर करताना सापडला. रक्कम होती ३६० रुपये ९५ पैसे. महामंडळानं त्याला बडतर्फ केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २००६ साली न्यायालयानं बडतर्फी कायम ठेवली. रक्कम लहान की मोठी हा मुद्दा नाही, ज्याच्या हाती लोकांचा पैसा सोपवला त्याच्यावरचा भरवसा गेला हा मुद्दा आहे, असं त्याचं सार. मला ते पटलं. पैसे हाताळणं हेच ज्याचं काम, त्याची गोष्ट वेगळी. उद्या आपल्या पतसंस्थेतल्या कॅशियरनं आपल्या ठेवीला हात लावला तर आपण काय म्हणू? त्याच्यासाठी विश्वासघाताचं निराळं कलम आहे. साध्या कारकुनाला सात वर्षांपर्यंत, आणि बँकवाला किंवा सरकारी नोकर असेल तर दहा वर्षं किंवा थेट जन्मठेपेपर्यंत. ते असावंच. आपल्यापैकी कितीतरीजणींनी मुलीच्या लग्नाचे पैसे अशा एखाद्या संस्थेच्या भरवशावर ठेवलेले असतात.

पण आमच्या बाईचं काम पैसे हाताळणं नव्हतं. भांडी घासणं होतं, आणि ती तिनं सहा वर्षं लख्ख घासली.

परत येताना हे म्हणाले, "चला, पोलिसांत नको म्हणजे सुटलीच म्हणायची ती." मीही मान डोलावली.

सुटली? मे महिन्यात ती मला गांधी चौकात दिसली. मला बघून रस्ता ओलांडून गेली. घरी येऊन मी आमच्या नव्या बाईला सहज विचारलं. तिनं सांगितलं, तिला आता आपल्या भागात कुणी उभं करत नाही. माझ्याकडचं काम गेलंच होतं. भिशीनंतर आठ दिवसांत उरलेली तिन्ही घरं सुटली. त्यांतल्या एका घरी तर ती माझ्याही आधीपासून, नऊ वर्षं कामाला होती. तिथं चमचासुद्धा हरवला नव्हता.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. गणित शिकवते, सवय आहे. माझ्याकडचे हजार, दोन घरांतले नऊशे-नऊशे, एकीकडचे आठशे. महिन्याला छत्तीसशे रुपये. ती पुढं नोव्हेंबरपर्यंत रिकामी राहिली, म्हणजे आठ महिने. अठ्ठावीस हजार आठशे रुपये! जुलैत रोवणीला आणि दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला मिळून महिनाभर मजुरी मिळाली असेल, ती सोडा. पंधराशे रुपयांसाठी कोर्टानं जास्तीत जास्त तीन महिने दिले असते, बहुधा नुसती समज दिली असती. आमच्या बटाटेवड्यांच्या कोर्टानं आठ महिने दिले, तेही तिची बाजू न ऐकता. वर मी मार्चचा पगार ठेवून घेतला होता तो वेगळाच. अपील कुठं करायचं, तेही नाही. आणि आमच्याकडे बारावं कलम तर मुळीच नाही. एकदा नाव लागलं की लागलं.

आता तुम्ही म्हणाल, अहो, मग काय चोरी करू द्यायची? दुसरीला सावध करायचं नाही? एखादी खरोखर दागिने घेऊन पळाली तर? बरोबर आहे. तसं झालं तर खुशाल तक्रार करा, त्यात शरमण्यासारखं काही नाही. तक्रार लेखी द्या, काय गेलं, केव्हा शेवटचं पाहिलं, पावती असेल तर पावती, सगळं लिहा. पण तक्रार देणं म्हणजे शिक्षा देणं नव्हे, हे मनाशी धरा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी अटक केलीच पाहिजे असं नाही, आधी नोटीस देऊन बोलावता येतं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी एरवी अटक करता येत नाही. "ठाण्यात नेऊन दोन लावा म्हणजे कबूल करेल" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, तर पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हेही सांगून ठेवते.

आणि नुसता संशय असेल तर अधिकच जपून. अंगाची झडती घेणं, खोलीत कोंडून ठेवणं, "कबूल होईपर्यंत घरी जायचं नाही" म्हणणं, यांतलं काहीही करायचा आपल्याला अधिकार नाही. माणसाला कोंडून ठेवणं हा तर आपलाच गुन्हा होतो. संशय किती आंधळा असतो याचं उदाहरण साऱ्या देशानं पाहिलं आहे. २००८ साली नोएडाच्या आरुषी प्रकरणात पहिल्या दिवशी सगळे घरच्या नोकराच्या मागावर होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बिचाऱ्याचा मृतदेह त्याच घराच्या गच्चीवर सापडला. ते खुनाचं प्रकरण, आपली चोरी त्यापुढं किरकोळ. पण बोट आधी कुणाकडे वळतं ते बघा.

पगार अडवून ठेवण्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण ते मीही केलं. झालेल्या कामाचा पगार ही तिची वस्तू आहे. भरपाई घ्यायची तर तिच्याशी बोलून, रक्कम ठरवून, हप्ते पाडून घ्यावी, आणि ते लिहून ठेवावं. शक्य झालं तर आपल्या बाईची घरेलू कामगार म्हणून नोंदणीही करून घ्या. त्यासाठी २००८ सालापासून महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा आहे. नोंदणी झालेल्या बाईला आपलं नाव-गाव सरकारदरबारी आहे हे माहीत असतं, आणि आपल्यालाही.

या पगारावरून तिच्या आईची एक गोष्ट आठवली. कामाला लागली तेव्हा तिनंच सांगितली होती. आई बिड्या वळायची. आपल्या जिल्ह्यात एके काळी घरोघर सूप मांडीवर घेऊन बायका बिड्या वळत बसलेल्या असत, तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिलंही असेल. संध्याकाळी सट्टेदाराकडे बिड्या मोजून द्यायच्या. तो त्यांतल्या मूठ-दोन मुठी "छाट" म्हणून बाजूला काढायचा. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही मिळायची नाही. "त्या बिड्या का तो पेटवून देये का, मॅडम? इकेच तर!" ती हसून म्हणाली होती. हा प्रकार इतका चालायचा की १९६६ च्या बिडी कामगार कायद्याखालच्या नियमांत छाटीवर मर्यादा घालावी लागली. कारखानदार त्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. पण छाट काढल्याबद्दल कुणा सट्टेदाराला गावानं चोर म्हणून वाळीत टाकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि मी? मे महिन्यात आम्ही माहेरी गेलो की मी तिचा पंधरा दिवसांचा पगार कापायची. "काम नव्हतं ना" म्हणून. दिवाळीत दुप्पट भांडी पडायची तेव्हा मात्र पगार दुप्पट नसायचा. सहा वर्षांच्या त्या पंधरा-पंधरा दिवसांचा हिशेबही त्याच रात्री केला. पाचशे गुणिले सहा. आकडा तुम्हीच काढा.

दिवाळी झाली, कापणी संपली, तशी मी नव्या बाईच्या हाती तिला निरोप धाडला. ती लगेच आली नाही. चार दिवसांनी आली, दारातच उभी राहिली. मी तिला मार्चचा अडवलेला पगार दिला. मग सांगितलं, कामाला ये, पगार तोच, पंधराशेतले अडीचशे दर महिन्याला कापीन, सहा महिन्यांत फिटतील. मेच्या सुट्टीचे पैसे यापुढं कापणार नाही. आणि पुन्हा असं झालं तर मात्र मी तक्रार करीन. ती सगळं ऐकून "बरं जी" म्हणाली. यांना हे पसंत नव्हतं. शेजारच्या काकू अजूनही म्हणतात, "तुझं तूच बघ बाई." भिशीत मी सांगितलं की तिनं कबूल केलं, पैसे फेडते आहे. माना पूर्वीइतक्या जोरात डोलल्या नाहीत. एका घरानं तिला परत घेतलं, दोघींनी नाही.

पैशांचा डबा मी आता कपाटात ठेवते आणि कपाटाला कुलूप लावते. पहिले काही दिवस तिच्यासमोर किल्ली फिरवताना मला अवघड व्हायचं. ती मात्र तेव्हा मुद्दाम अंगणात जायची.

या मे महिन्यात शेवटचे अडीचशे कापले. बाकीचा पगार मी तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, झालं, फिटलं सगळं. ती जाईना. ओट्याशी उभी राहिली.

"मॅडम, एक कागुद लिवून द्या ना."

"कसला कागद?"

"पैसे फिटले म्हणून. तुमची सही करून. त्या दोघीयले दाखवाचा हाय."

मी मुलाच्या वहीचं पान फाडलं. तारीख घातली, रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिली, पूर्ण फेडली असं लिहिलं, खाली सही केली. तिला वाचता येत नाही, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं कागदाची नीट चौघडी केली, कमरेच्या बटव्यात घातली आणि भांडी घासायला बसली.